याला सेल कुठला लागतो?

गेल्या जुलैतली गोष्ट. पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानात आम्ही तिघं उभे होतो. मी, माझा थोरला भाऊ आणि त्याची मुलगी. बाहेर पाऊस लागून राहिला होता. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि छत्र्यांच्या पाण्यानं निसरडा. दादानं सवयीनं जिन्याखालीच चपला काढल्या. वरच्या पोऱ्यानं "राहू द्या काका, घालून या" म्हटलं तरी तो अनवाणीच वर आला. काउंटरवर पाच लॅपटॉप उघडे होते आणि पाचही पडद्यांवर तेच निळं फूल उमललेलं होतं. विकणारा मुलगा बोलण्यात तयार होता. "बजेट सांगा मॅडम, पाच मिनिटांत मोकळं करतो तुम्हाला." मी बजेट सांगितलं, वही काढली, एकेक आकडा लिहून घेऊ लागले. माझी भाची सकाळपासून गप्प होती. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि विचारलं, "याचा चार्जर केवढा आहे? बघायला मिळेल का?" तो मुलगा नुसता हसला. आणि मी तिच्याकडे न बघताच म्हणाले, "अगं, ते काय विचारतेस? महत्त्वाचं विचार."

तिनं मान हलवली. त्या दुकानात आणि पुढच्या दोन दुकानांत ती काही बोलली नाही.

एवढंच घडलं. दादाच्या तर ते लक्षातही राहिलं नसेल. पण रात्री भांडी विसळताना ते वाक्य माझ्या कानात पुन्हा वाजलं, आणि तिचं नव्हे, माझं वाक्य वाजलं. मी संख्याशास्त्र शिकवते. 'प्रश्न चुकीचा नसतो' हे वर्गात दर वर्षी सांगते. ज्या मुलीसाठी आम्ही लॅपटॉप घ्यायला निघालो होतो, जी पुढची दोन वर्षं त्याच्याबरोबर बसणार, उठणार, झोपणार होती, तिचा दिवसभरातला एकमेव प्रश्न मी बिनमहत्त्वाचा ठरवून टाकला होता.

तयारी मी मनापासून केली होती. तिला विद्यापीठात भूमाहितीशास्त्राच्या, म्हणजे उपग्रहांची चित्रं आणि नकाशे यांवरून जमिनीचा अभ्यास करण्याच्या, एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला त्याच दिवशी दादाचा फोन आला, "तुला त्यातलं कळतं, तूच बघ. आणि मोठाच घे. पुढं कमी पडायला नको." डाळिंबाचे पैसे त्यानं बाजूला ठेवले होते. या 'मोठाच घे'मध्ये काय काय असतं ते मला माहीत आहे. माणदेशातल्या वस्तीवरून पोरगी पुण्याला चालली आहे, तिथल्या मुलांपुढं तिचं काहीतरी उणं पडेल ही धास्ती त्यात असते. बापाला तिच्या अभ्यासात दुसरी कुठली मदत करता येणार नाही, तेवढी ही एक करता येईल, हेही त्यात असतं. मग मी तीन आठवडे बसून तक्ता केला. चौदा लॅपटॉप, नऊ रकाने. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, पडदा, वजन, बॅटरी, वॉरंटी, किंमत, आणि शेवटी मी दिलेले गुण. कशाला किती भार द्यायचा यावर विचार केला, दोनदा बदलला. तक्ता अजून माझ्याकडे आहे. त्यात चार्जरचा रकाना नाही.

दुकानं फिरताना मला सारखी खरसुंडीच्या बाजाराची आठवण येत होती. लहानपणी आप्पांबरोबर, म्हणजे आमच्या वडिलांबरोबर, मी दोन वेळा खिलारांच्या बाजाराला गेले आहे. शिंगं साळून तेल लावलेली, अंगावर झुली, गळ्यात घुंगरं. लांबून सगळेच बैल राजबिंडे. आप्पा झुलीकडं बघायचेच नाहीत. सरळ जाऊन बैलाचा ओठ वर करायचे. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की सगळे दात येऊन जुळलेला आहे, म्हणजे वय किती, ते दात सांगतात. मग त्याला चालवून बघायचं, पाठीवर थाप मारून बघायचं, आणि शेवटी भाव रुमालाखाली, बोटांवर. लॅपटॉपच्या दुकानात झुली असतात त्या चकचकीत स्टिकरच्या. 'आय-फाइव्ह आहे मॅडम' हे वाक्य मी त्या दिवशी निदान दहा वेळा ऐकलं. पण आय-फाइव्ह हे प्रोसेसरचं नाव नुसतं ऐकून कळत नाही, ओठ वर करून बघावा लागतो. १२३५यू असं लिहिलं असेल तर पहिले दोन आकडे सांगतात की ही बारावी पिढी. शेवटचं यू सांगतं की हा कमी विजेवर चालणारा आहे. तिथं एच असेल तर ताकद जास्त, आणि खाणंही जास्त. दुसऱ्या एका दुकानात रायझेन ७५२०यू हा प्रोसेसर असलेला लॅपटॉप यंदाचा नवा माल म्हणून दाखवला. त्यातला पहिला सात २०२३ साल सांगतो हे खरं, पण तिसरा आकडा दोन आहे, आणि त्याचा अर्थ आतली रचना २०१९ मधली. त्याच्याच शेजारच्या ७५३०यूमध्ये तिसरा आकडा तीन, म्हणजे रचना एक पायरी पुढची. दोन्ही डब्यांवरचं स्टिकर हुबेहूब सारखं. पुढच्या एका ठिकाणी सेकंडहॅंड माल होता, मोठ्या कंपन्यांतून निघालेले दणकट काळे लॅपटॉप, अठरा हजारांना. कीबोर्डवर बोटं ठेवली की सुख वाटावं असे. दादाचा जीव तिथं अडकला. पण दात पाहिले तर सातवी पिढी. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं चालतं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. तीन महिन्यांनी जुळलेला होणारा बैल. मी दादाला तसंच सांगितलं आणि त्याला ते लगेच पटलं.

रॅमचं मात्र बैलाच्या भाषेत सांगता येईना. दादा विचारत होता की आठ आणि सोळात आठ हजारांचा फरक कशापायी द्यायचा. तेव्हा भाचीनंच त्याला सांगितलं, आदल्या रात्री, माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. युरोपच्या अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. आपल्या डोक्यावरून दर पाच दिवसांनी त्यांची फेरी होते आणि चित्रं कुणालाही फुकट मिळतात. एका चित्रात साधारण एकशेदहा किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद जमीन मावते. त्यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा, म्हणजे एका गुंठ्याएवढा. असे ठिपके एका चित्रात बारा कोटी. आणि चित्र एकच नसतं. निळ्या उजेडाचं वेगळं, हिरव्याचं वेगळं, तांबड्याचं वेगळं, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाचं वेगळं. पिकाचं हिरवेपण मोजायचं तर तांबडं आणि अवरक्त अशी दोन चित्रं एकदम उघडून बाराच्या बारा कोटी ठिपक्यांची वजाबाकी, बेरीज आणि भागाकार करायचा. हे सगळं चालू असताना आकडे जिथं मांडून ठेवायचे ती जागा म्हणजे रॅम. "खळं लहान असलं तर मळणी थांबत न्हाय, पण सारखं उचलून बाजूला ठेवावं लागतं," असं दादा म्हणाला. इतकं नेमकं मी वर्गात कधी सांगू शकले नसते. मी मनातल्या मनात हिशेब केला. एका ठिपक्याला दोन बाइट धरले तर एकाच रंगाचं चित्र चोवीस कोटी बाइटांचं. मी शिवाजी विद्यापीठात शिकत होते तेव्हाच्या साडेतीन इंची फ्लॉपीवर ते उतरवायचं तर एकशेसाठाहून जास्त फ्लॉप्या लागल्या असत्या.

फ्लॉपीची आठवण निघाली की मला वास येतो. विभागातल्या संगणक खोलीचा वास, वातानुकूलनाचा गारवा, गालिचा आणि गरम प्लॅस्टिक यांचा मिळून. १९९१ ते १९९३. बाहेर चपला काढायच्या. आमच्यातल्या अनेकांनी त्याआधी वातानुकूलित खोली पाहिलेली नव्हती. दारावर वेळापत्रक चिकटवलेलं असायचं, माझी पाळी बुधवारी दुपारी, एक तास. आठवडाभर वहीत फोरट्रानमधला प्रोग्राम लिहायचा, मनातल्या मनात चालवून बघायचा, आणि त्या एका तासात टाइप करायचा. एखादा स्वल्पविराम चुकला तर पुढच्या बुधवारपर्यंत थांबायचं. यंत्र माझं नव्हतं, मी यंत्राच्या वेळेवर जात होते. त्यामुळे कुठला संगणक घ्यावा हा प्रश्नच आमच्या पिढीला त्या वयात पडला नाही. आम्हाला पडला तो कॅल्क्युलेटरचा.

आप्पा मला घेऊन कोल्हापुरात एका दुकानात गेले होते. कांद्याची पट्टी नुकतीच हातात आली होती. काचेच्या कपाटात कॅल्क्युलेटर मांडलेले. मला हवा होता तो करड्या रंगाचा, पुष्कळ बटणांचा. वर्गातल्या सांगलीच्या मुलीकडे तसाच होता. दुकानदारानं तो बाहेर काढून माझ्या हातात दिला. आप्पांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागचं झाकण बघितलं आणि विचारलं, "याला सेल कुठला लागतो? गावात मिळतो का?" दुकानदार म्हणाला, गावात नाही मिळायचा, बटणासारखा चपटा असतो, इथंच यावं लागेल. आप्पांनी तो खाली ठेवला आणि दुसरा मागितला, वर काळी पट्टी असलेला, उजेडावर चालणारा. त्याला बटणं कमी होती. मला इतकी लाज वाटली की मी दुकानाबाहेरच्या ऊस भरलेल्या बैलगाड्यांकडे बघत राहिले. सेल काय विचारायचा असतो? फंक्शनं विचारायची असतात.

भांडी विसळता विसळता माझा हात थांबला तो इथं.

त्या कॅल्क्युलेटरवर मी एम.एस्सी. केलं. पुढं पंधरा वर्षं तो चालला. पण सगळं खरं सांगायचं तर त्यानं मला एकदा दगाही दिला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहातली वीज गेली, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्याचे आकडे फिके पडत पडत दिसेनासे झाले. मी तो ज्योतीच्या इतका जवळ धरला की काळ्या पट्टीच्या कडेला प्लॅस्टिक किंचित वितळलं. त्या रात्री मला आप्पांचा फार राग आला होता. म्हणजे त्यांचा प्रश्न बरोबर होता म्हणून उत्तरही प्रत्येक वेळी बरोबर आलं, असं नाही. त्यांनी शेतातल्या उन्हाचा विचार केला होता, वसतिगृहातल्या रात्रीचा नाही. वसतिगृह त्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्याला जिथली माहिती, तो तिथला प्रश्न विचारतो. मग माझ्या नऊ रकान्यांना कुठली माहिती होती? माझं घर, माझं टेबल, टेबलामागच्या भिंतीतली तीन सॉकेटं.

खरं तर मला याहून जास्त माहिती असायला हवी होती, कारण मी रोज महाविद्यालयात जाते. आमच्या वाचनालयात दीडशे मुलं बसतात. भिंतीतली सॉकेटं मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोजली. नऊ, त्यातली दोन बंद. खांबाजवळ एक एक्स्टेन्शन बोर्ड आहे, त्याभोवती सकाळी आठलाच मुलं जागा धरतात. एक मुलगा मला आठवतो. चांगला हुशार. त्याच्या वडिलांनी कर्ज काढून गेमिंगचा लॅपटॉप घेऊन दिला होता, लाल दिव्यांच्या कीबोर्डाचा. अडीच किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर. पहिलं सत्र त्यानं तो पाठीवर वाहिला. चार्जरशिवाय तो दोन तासही धड टिकत नसे आणि खांबाजवळची जागा रोज मिळत नसे. दुसऱ्या सत्रापासून लॅपटॉप खोलीवर आणि तो वही घेऊन वाचनालयात. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मशीन भारी आहे, पण ते माझ्याबरोबर येत नाही." आणि दुसरी एक मुलगी. तिच्याकडे लॅपटॉप नव्हताच. तिनं साठ पानी प्रकल्प मोबाइलवर टाइप केला, दोन अंगठ्यांनी, तक्त्यांसकट. एकेका तक्त्याचा रकाना त्या एवढ्याशा पडद्यावर सरकवत नेताना तिला किती वेळ लागला असेल हे मला पानं हातात घेतल्यावर कळलं. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत, कारण दोन तक्त्यांतल्या बेरजा चुकल्या होत्या. अजूनही तो आकडा मला टोचतो. चौदा लॅपटॉपांचा तक्ता करत बसण्याची चैन ज्यांना परवडते त्यांच्यात आता आमचं घर आहे, हेही त्या रात्री मी स्वतःला सांगितलं.

सकाळी चहा पिताना मी भाचीला विचारलं, "काल तू चार्जरचं का विचारत होतीस?"

ती आधी बोलेना. "काही नाही आत्या, असंच." मग मी म्हटलं, माझं चुकलं, मी तुला बोलू द्यायला हवं होतं, आता सांग. तेव्हा तिनं सांगितलं. तिची मावसबहीण विद्यापीठात वर्षभर राहून गेली आहे, तिच्याकडून सगळं विचारून घेतलेलं. खोलीत तिघी आणि सॉकेटं दोन. वाचनकक्षात जागा मिळते, पण प्लगजवळची मिळेलच असं नाही. गावी येताना स्वारगेटहून एस.टी., पुढं दहिवडीला उतरून वडाप, आणि मग वस्तीपर्यंत चालत. पाठीवर पुस्तकं असणार, आईनं दिलेला डबा असणार. वस्तीवर सिंगल फेज कधी येते, कधी जाते. "आणि आत्या, बारीक गोल पिन असलेला चार्जर बिघडला तर त्या कंपनीचाच शोधावा लागतो. सी-टाइप असला तर मैत्रिणीचा चालतो. पॉवर बँकेवरही चढवता येतो, चांगली असली तर." तिनं कपाचा कान धरून फिरवला. "प्रोसेसरचं तुम्ही बघताय हे मला माहीत होतं. हे कुणी बघत नव्हतं म्हणून मी विचारलं."

माझ्या तोंडातून निघालं, "तू आप्पांची नात आहेस." तिला आप्पा आठवत नाहीत. ती दोन वर्षांची असताना ते गेले. मी तिला कॅल्क्युलेटरची गोष्ट सांगितली आणि दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला ती गोष्ट माहीत नव्हती. म्हणाला, "त्यो काळ्या पट्टीचा? आप्पा दोन दिस बोलत हुतं, पोरीला आवडला न्हाय म्हणून." चौतीस वर्षांनी मला हे कळत होतं. मी उठून गॅसवरचं दूध बघायला गेले.

लहान मुलांसाठी कुणीतरी एकदा याच बाजूनं लॅपटॉपचा विचार केला होता. अमेरिकेत दर मुलामागे एक लॅपटॉप अशी चळवळ सुरू झाली होती आणि २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत ते हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लॅपटॉप आले. छायाचित्रं मी तेव्हा पाहिली होती, पोरं मांडी घालून बसलेली आणि मांडीवर ती खेळण्यासारखी यंत्रं. त्याची रॅम फक्त २५६ एमबी. पण त्याला वीज नाममात्र लागायची, आणि पडदा असा की भर उन्हात, अंगणात बसूनही वाचता यावा. अगदी सुरुवातीच्या नमुन्याला तर हातानं फिरवायचा दांडा होता. वीज नसली तर चक्कीसारखा फिरवा. तो दांडा पुढं टिकला नाही, शंभर डॉलरांत देण्याचं वचनही टिकलं नाही, आणि यंत्रापेक्षा मास्तर महत्त्वाचा हे बोलणाऱ्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं. तरी ज्यांनी ते बनवायला घेतलं त्यांनी पहिल्यांदा मूल कुठं बसणार हे विचारलं, वीज कुठून येणार हे विचारलं. आज दुकानात मांडलेल्या पाचपैकी चार लॅपटॉपांचे पडदे खिडकीजवळ धरले की आरसा होतात. रंग तर त्याहून फिके. स्वस्त पडद्यावर ऊस आणि ज्वारी यांच्यासाठी दिलेले दोन हिरवे एकच दिसतात हे भाचीनं आपल्या जुन्या नकाशाची फाइल पेनड्राइव्हवर नेऊन उघडून दाखवलं, तेव्हा विकणाऱ्या मुलानंही वाकून बघितलं.

होय, आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी तिला मी पुढं केलं. तिनं चार्जर काढायला लावले, हातात तोलून बघितले. लॅपटॉप एका हातानं उचलला, झाकण एका बोटानं उघडतंय का बघितलं, कडा दाबून बघितली. कीबोर्डवर न बघता मराठी टाइप करून बघितलं. कळांवर देवनागरी अक्षरं एकाही लॅपटॉपच्या नव्हती, पण तिला इन्स्क्रिप्ट येतं, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. शेतकऱ्यांच्या मुलाखतींच्या नोंदी ती मराठीतच ठेवते. मग तिनं रॅम ऑनबोर्ड आहे की स्लॉट रिकामा आहे, म्हणजे पुढं वाढवता येईल का, ते विचारलं. ते माझ्या तक्त्यातलं होतं, पण माझ्याआधी तिनंच विचारलं. दादा स्टुलावर बसून हे सगळं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला आप्पा बैल चालवून बघायचे तेव्हाचं काहीतरी दिसलं. शेवटी घेतला तो चौदा इंची, दीड किलोच्या आतला, सोळा जीबी रॅमचा, पासष्ट वॉटच्या सी-टाइप चार्जरचा. माझ्या तक्त्यात तो सहाव्या क्रमांकावर होता. वरच्या पाचांपेक्षा त्याचा प्रोसेसर सावकाश आहे, आणि पुढं कधी तिला त्रिमितीतलं मोठं काम करावं लागलं तर तो नक्की धापा टाकेल. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तेवढं विभागातल्या संगणकावर करता येईल. मला ते पूर्ण पटलं असं नाही. अजूनही कधी कधी वाटतं की चार हजार आणखी घालायला हवे होते. पण लॅपटॉप पिशवीत घालून ती जिना उतरली तेव्हा एका खांद्यावर तो आहे की नाही हे कळत नव्हतं.

दादानं बिल घडी करून खिशात ठेवलं, पांडुरंगाच्या फोटोमागं.

दिवाळीत मी माहेरी गेले. संध्याकाळी ओसरीवर तिनं लॅपटॉप उघडला आणि आम्ही सगळे भोवती बसलो. वहिनीच्या हातात निम्म्या लाटलेल्या करंज्यांचं ताट तसंच. पडद्यावर आपला सगळा मुलूख होता, वरून पाहिलेला. राजेवाडीचा तलाव काळ्याशार डागासारखा, माणगंगेची वळणं, मधूनमधून डाळिंबाच्या बागांचे ठिगळासारखे चौकोन. पावसाआधीचं चित्र आणि पावसानंतरचं चित्र तिनं एकावर एक ठेवलं, कुठला बंधारा भरला आणि कुठला नाही ते रंगानं दिसत होतं. चित्र हलवलं की क्षणभर थांबून यायचं, मग स्वच्छ व्हायचं. चार्जर तिनं आणलाच नव्हता. खोलीतल्या मैत्रिणीचा जळाला, तिचं सादरीकरण होतं, म्हणून हिनं आपला तिच्याकडे ठेवला. इथं वहिनीच्या नव्या मोबाइलच्या चार्जरवर रात्रभर लावून ठेवते, म्हणाली, हळू चढतं पण चढतं.

दादा चष्मा लावून पुढं सरकला. "आपली हीर कुठं हाय गं ह्यात?"

तिनं मोठं करत करत नेलं, मोठं करत करत चौकोन दिसायला लागले, नुसते रंगाचे चौकोन. त्यातल्या एकावर बोट ठेवलं. "ही इथं. पण दिसायची नाही अण्णा. आपली विहीर पंचवीस फूट, आणि हा एक चौकोन तेहतीस फुटांचा. विहीर, कडेची बाभळ आणि धावेची जागा, सगळं मिळून हा एक रंग."

दादा त्या चौकोनाकडं बघत राहिला. मळकट हिरवा, कडेला तपकिरी. मग सिंगल फेज गेली, ओसरीवरचा बल्ब विझला, आणि सगळ्यांच्या तोंडांवर तेवढा एक हिरवा उजेड राहिला. कोपऱ्यात आकडा दिसत होता, एकोणचाळीस टक्के.

"असू दे उघडा," दादा म्हणाला. "बाभळ कुठल्या बाजूला येती त्यात?"